होळीत काय अर्पावे?



फाल्गुनी पौर्णिमेपासून पुढचे सात दिवस आपल्या संप्रदायात फार मोलाचे. पौर्णिमेस होळी, वद्य प्रतिपदेस धूलिवंदन, द्वितीयेस देहूची बीज, पंचमीस रंग आणि षष्ठीस पैठणची नाथषष्ठी. लोकांचा सण आणि संतांचा सण या एका आठवड्यात हातात हात घालून येतात. कित्येक भाविक असे समजतात की, होळी-रंग हा पोराटोरांचा, बोंब मारण्याचा सण. आणि बीज-षष्ठी तेवढी आपली. आम्हांस हा भेद मान्य नाही. जो मनुष्य पौर्णिमेस एक वागतो आणि द्वितीयेस टाळ गळ्यात घालून दुसरे वागतो, त्याचे भजन देवापर्यंत पोचावे कसे? म्हणून हे सातही दिवस एकाच सूत्रात ओवून पाहावेत, एवढ्यासाठी आजचे निरूपण.

आधी होळी. हा सण फार पुरातन आहे. जैमिनींच्या पूर्वमीमांसेत पहिल्या अध्यायाच्या तिसऱ्या पादात होलाकाधिकरण म्हणून एक विचार आहे. होलाका पूर्वेकडचे लोक करतात, तेव्हा तो आचार त्यांच्यापुरताच की सर्वांचा, असा तेथे प्रश्न. आणि आचार सर्वांचा, असा सिद्धांत. वैद्यकात तर तृणाग्नीवर अर्धवट भाजलेल्या शेंगधान्यास ‘होलक’ असे नाव आहे. आपल्याकडे हिरवा हरभरा काटक्या-पाचोळ्यावर भाजून खातात, त्यास कोठे हुळा म्हणतात, कोठे हावळा म्हणतात. शब्दाचे नाते कानाला लागलीच कळते. नवे धान्य आले, शेतातला पालापाचोळा गोळा झाला, त्यावर ते भाजले, देवाला दाखविले आणि वाटून खाल्ले. गवताच्या विस्तवाचा हा सण. त्यात हिरव्या झाडाचा बळी कोठून आला?

कोणी म्हणेल, “बुवा, होळीला लाकूड लागते हे पुराणात आहे.” आहे ना! आम्ही कोठे नाही म्हणतो? भविष्योत्तर पुराणात ढुंढा राक्षसीची कथा आहे. रघुराजाच्या राज्यात ती लेकरांना पीडा देऊ लागली. राजाने पुरोहितांना उपाय विचारला. त्यांनी सांगितले, लाकडांचा आणि गोवऱ्यांचा संचय करा, अग्नी पेटवा, त्याभोवती फिरा, मुलांना मोकळेपणी हसू-गाऊ द्या. पण तेथे लाकडाला एक विशेषण लावले आहे, आणि शास्त्र वाचताना विशेषणावर बोट ठेवून वाचावे लागते. ते विशेषण ‘शुष्क’. वाळलेले लाकूड. शास्त्राला नुसते लाकूडच सांगायचे असते तर ‘काष्ठ’ म्हणून ते थांबले असते. ‘शुष्क’ घातले याचा अर्थ ओल्याचा निषेध झाला. जे उभे आहे, ज्याला पालवी आहे, ज्याच्यावर पाखराचे घरटे आहे, ते झाड शास्त्रानेच होळीतून वगळले आहे. तेव्हा हिरवे झाड तोडून जो होळी पेटवतो, तो शास्त्राचा आधार घेऊन बोलत असला तरी शास्त्राच्या उलट चालतो.

आता यातले मुख्य वर्म सांगतो. मीमांसक यागाचे लक्षण करताना तीन गोष्टी सांगतात: द्रव्य, देवता आणि त्याग. यजमान अग्नीत आहुती टाकतो आणि म्हणतो, “न मम”, हे माझे नाही. हे शब्द कोणी म्हणावेत? ज्याचे ते द्रव्य खरोखर होते त्याने. जी वस्तू मुळात माझी नाही, तिच्यावरचे स्वत्व मी काय सोडणार? शेजाऱ्याच्या गोठ्यातली गाय सोडून आणली आणि ब्राह्मणाला दान दिली, तर पुण्य लागेल की पोलीस येतील? मग गावाच्या रस्त्यावरचे, ओढ्याकाठचे, आजा-पणज्यांनी लावलेले झाड रात्री तोडून होळीत घातले, तर तो त्याग कसा? ते आपले नव्हतेच. निम्मे ते पुढे जन्माला येणाऱ्या लेकरांचे, निम्मे पाखरांचे, आणि सगळे मिळून देवाचे. सरकारचा कायदाही आहे. नागरी क्षेत्रातल्या झाडांच्या रक्षणासाठी महाराष्ट्रात १९७५ सालीच अधिनियम झाला. पण वारकऱ्याने कायद्याच्या भीतीने चांगले वागावे, ही काही शोभेची गोष्ट नाही. होळीत जे घालायचे ते आपले असावे, एवढा एक नियम धरला तरी पुरे.

मग आपले काय आहे? आपल्या गोठ्यातले शेण आपले. त्याच्या गोवऱ्या थापा. कोठे कोठे मुले लहान लहान गोवऱ्यांच्या माळा करून होळीला घालतात, ती रीत फार गोड आहे. आपल्या अंगणातला, बांधावरचा पालापाचोळा आपला. वादळात मोडून पडलेली फांदी, वठलेला बुंधा, उसाचे वाळके पाचट, तुरीच्या पळकाट्या, हे आपले. मध्ये एरंडाची फांदी उभी करण्याची चाल पुष्कळ गावी आहे. एरंड उकिरड्यावरही वाढतो आणि तोडला तरी पुन्हा फुटतो, त्याचे कोणाला दुःख नाही. पण टायर, प्लास्टिकच्या पिशव्या, मोडक्या खुर्च्या होळीत टाकतात, ती होळी नव्हे. ते विष पेटविणे आहे. त्या धुराने लहान मुलाची छाती भरते. ज्या ढुंढेला मुलांच्या रक्षणासाठी घालवायचे, तिलाच आपण धूर करून बोलावतो.

आणि आणखी एक. एका गावात आळीआळीची म्हणून दहा होळ्या पेटतात. एकेकीला दीड क्विंटल लाकूड धरले तरी पंधरा क्विंटल झाले. सगळ्या गावाने मिळून एकच होळी केली तर लाकूड वाचते, आणि वाचते त्याहून मोठे काही मिळते: गाव एका विस्तवाभोवती उभे राहते. भेदाभेद जाळण्याचे काम संतांनी वाळवंटात केले. दहा होळ्यांत तोच भेद आपण दहा ठिकाणी जपून ठेवतो. कोकणात जेथे ग्रामदेवतेच्या मानाचे झाड उभे करण्याची परंपरा आहे, तेथे गावकऱ्यांनी झाड एकच घ्यावे, विचाराने निवडावे, आणि पावसाळ्यात त्याच्या जागी पाच लावून वाढवावीत. मान देवाचा राहील आणि रानही राहील.

नैवेद्याचेही असेच. पुरणपोळीचा घास अग्नीला द्यावा, ती परंपरा आहे. पण भगवंताने गीतेच्या पंधराव्या अध्यायात चौदाव्या श्लोकात सांगितले आहे की, प्राण्यांच्या देहात राहून अन्न पचविणारा वैश्वानर तो मीच. तेव्हा भुकेल्याच्या पोटातही एक होळी पेटलेली आहे आणि तिची देवता प्रत्यक्ष नारायण आहे. चौकातल्या होळीला घास द्यावा, आणि उरलेली पोळी ऊसतोडणीच्या पालावर, वीटभट्टीवर नेऊन द्यावी. दोन्ही अग्नी तृप्त होतात, काहीही वाया जात नाही.

श्रीमद्भागवताच्या दशम स्कंधात बाविसाव्या अध्यायात एक फार सुंदर प्रसंग आहे. उन्हाळ्याचे दिवस. कृष्ण गोपाळांना घेऊन रानात गेला आहे. ऊन कडक, आणि डोक्यावर झाडांनी छत्र्या धरलेल्या. तेव्हा भगवान आपल्या सवंगड्यांना एकेकाच्या नावाने हाक मारून म्हणतात, या झाडांकडे पाहा. यांचे जिणे सगळे दुसऱ्यासाठी. वारा, पाऊस, ऊन, थंडी हे स्वतः सोसतात आणि आपणांस मात्र त्यापासून वाचवितात. याचक यांच्या दारातून रिकामा जात नाही. मग झाड काय काय देते त्याची यादी आहे: पाने, फुले, फळे, सावली, मुळे, साल, लाकूड, गंध, डिंक, राख, कोळसा आणि कोंब.

येथे चतुर श्रोता शंका घेईल, “बुवा, यादीत लाकूड, राख आणि कोळसाही आहे. मग जाळले तर काय बिघडले?” शंका चांगली आहे. पण भगवंत काय म्हणतात? झाड ‘देते’. देणे आणि ओरबाडणे यात माय आणि चोर यांच्याइतके अंतर आहे. जन्मभर पाने-फुले-सावली देऊन झाड वठते, तेव्हा आपले शरीरही देऊन जाते. ते त्याचे शेवटचे दान. दधीची ऋषींनी हाडे दिली, म्हणून वाटेल त्या ऋषीची हाडे उपटण्याचा परवाना इंद्राला मिळाला नाही. जिवंत झाड तोडणारा त्याचे शेवटचे दान आधी घेतो आणि मधली पन्नास वर्षांची सावली बुडवतो.

ती सावली कोणाची बुडते, तेही सांगतो. वारीच्या वाटेजवळच्या एका गावी देवळासमोर जुनी चिंच होती. दिंडी दुपारी तिच्याखाली विसावत असे. एका वर्षी शिमग्याला पोरांनी उत्साहाच्या भरात ती पाडली. ज्येष्ठाच्या शेवटी आम्ही दिंडीबरोबर तेथे पोचलो, तो ऊन रणरणत होते. पावसाचा पत्ता नव्हता. एक म्हातारी आमच्या पुढे चालत होती. डोक्यावर तुळस, पायात वहाणा नाहीत. ती त्या जागी थांबली, चारी बाजूंना पाहिले, आणि आम्हांला म्हणाली, “बुवा, हितं सावली होती की वो! माझी सासूबी हितंच बसायची.” आम्ही गप्प राहिलो. शेजारी गावची तरुण मंडळी पाण्याचे हंडे घेऊन वारकऱ्यांच्या सेवेला उभी होती. सेवाभावी पोरे हो, वाईट नव्हेत. त्यांतल्या एकाने मान खाली घातली. त्याने म्हातारीला पाणी दिले, पण सावली कोठून देणार? फाल्गुनात एका रात्रीत जळालेली सावली आषाढीच्या वाटेवर पन्नास वर्षे सापडत नाही, हे त्या पोराला त्या दुपारी कळले. पुढे त्याच मंडळींनी तेथे तीन रोपे लावली आणि काटेरी कुंपण घातले, हे सांगितले पाहिजे.

आता धूलिवंदन. नावातच सण सांगितला आहे. धुळीला वंदन. वारकऱ्याएवढे धुळीचे माहात्म्य कोणाला ठाऊक असणार? संतांच्या पायांची धूळ आपण कपाळाला लावतो, वाळवंटात लोटांगण घालतो. त्या दिवशी होळीची राख आणि माती कपाळाला लावून मनुष्य म्हणतो, मी ह्या भूमीचा आहे आणि हिच्यातच मिळणार आहे. गोवऱ्या आणि सुके लाकूड यांची राख झाडाच्या आळ्यात, शेतात थोडी थोडी टाकली तर तिचा क्षार पिकाच्या कामी येतो. टायरची राख कोठे टाकणार? ती कपाळालाही लावता येत नाही आणि मातीलाही देता येत नाही. ज्या धुळीला वंदन करायचे तिच्यातच विष कालवायचे, तर मग वंदन कसले?

दुसऱ्या दिवशी बीज. देहूस लाखो वैष्णव जमतात. २०२५ साली तुकोबारायांच्या वैकुंठगमनाचा ३७५ वा सोहळा झाला. माध्यान्हीला बारा वाजण्याच्या सुमारास सारा समुदाय नांदुरकीच्या झाडाकडे डोळे लावून उभा असतो. टाळ थांबतात, श्वास थांबतो. हातांत फुले असतात. झाडाची पाने केव्हा हालतात एवढेच सर्वांना पाहायचे असते. पाने सळसळली की “तुकाराम, तुकाराम” या नामाने आकाश भरून जाते. मायबापहो, विचार करा. महाराज गेले ती जागा दाखवायला तेथे झाड उभे आहे. एका झाडाच्या पानांत लाखो माणसे आपल्या सद्गुरूला शोधतात. हेच महाराज भंडाऱ्याच्या डोंगरावर एकांताला बसत, आणि झाडावेलींना त्यांनी आपले नातलग मानले. मग पौर्णिमेस ज्याच्या हातात कुऱ्हाड होती, त्याने द्वितीयेस त्याच हातात फुले घेऊन नांदुरकीखाली कोणत्या तोंडाने उभे राहावे? नातलगाला जाळून त्याच्या घरी दोन दिवसांनी जेवायला जातो का कोणी?

आणि तेथून खाली वाहते ती इंद्रायणी. महाराजांची गाथा जिने पोटात सांभाळली आणि तेरा दिवसांनी कोरडी परत दिली, ती ही नदी. अलीकडच्या वर्षांत आळंदीस हिच्या पात्रावर पांढरा फेस तरंगताना वारकऱ्यांनी डोळ्यांनी पाहिला आहे. शहरांचे सांडपाणी आणि कारखान्यांचे पाणी त्यास मुख्य कारण, हे खरे. आणि ज्यांचा तो दोष त्यांना जाब विचारलाच पाहिजे. परंतु “कारखाने सोडतात, मग आमच्या रंगाने काय होते?” असे म्हणणे वारकऱ्याला शोभत नाही. दुसऱ्याने आईला दगड मारला म्हणून आपण एक खडा मारावा काय? उलट, आपले हात स्वच्छ असले म्हणजे दुसऱ्याला जाब विचारताना आवाज चढतो.

रंगाचे म्हणाल तर, बाजारात पुड्यांतून मिळणाऱ्या स्वस्त रंगांपैकी पुष्कळ हे कापडाला आणि कारखान्याला लागणारे रंग असतात. तपासणीत हिरव्यात मोरचूद, काळ्यात शिशाची आणि लालात पाऱ्याची संयुगे सापडली आहेत. ते डोळ्यांत जातात, कातडीला फोड आणतात, आणि धुतले की गटारातून नदीत उतरतात. देवाने रंगाची सोय काय थोडी केली आहे? ऐन फाल्गुनात रानात पळस पेटलेला असतो. पान एक नाही आणि फुलांनी झाड भरलेले. जणू न जाळणारी होळीच. खाली पडलेली फुले वेचावीत, सावलीत वाळवावीत, रात्रभर भिजत घालावीत किंवा उकळावीत. केशरी-पिवळे पाणी तयार होते. हळदीत बेसन मिसळले की कोरडा पिवळा रंग. हळदीला चुन्याचा हात लागला की ती लाल होते, हे घरातल्या आजीला विचारा. बीट किसून पाण्यात टाकले की गुलाबी. आणि वारकऱ्याचा आपला रंग तर बुक्का! चिमूटभर कपाळाला लावावा आणि पायाला हात लावावा. रंग खेळून झाला, आणि कोणाचे अंग बिघडले नाही. पंढरीत वसंतपंचमीपासून रंगपंचमीपर्यंत देवाला शुभ्र पोशाख असतो, त्यावर रंगाची उधळण होते. पांढऱ्यावर रंग उठून दिसतो. मन पांढरे असले तर चिमटीभर रंगही पुरतो; नसले तर टाकीभरही पुरत नाही.

पाण्याचा हिशेब तर डोळ्यांत पाणी आणणारा आहे. खेड्यातल्या माणसाला दिवसाला दरडोई ५५ लिटर पाणी मिळावे, हे जलजीवन मिशनचे माप. रंग खेळण्यासाठी दहा हजार लिटरचा एक टँकर उडवला, तर सुमारे १८० माणसांचे एका दिवसाचे पाणी उडाले. २०१६ साली होळी होऊन तीन आठवडे होण्याच्या आत, १२ एप्रिलला, लातूरच्या तहानेसाठी मिरजेहून आगगाडीने पाणी आणावे लागले. पहिल्या खेपेस दहा वाघिणींतून पाच लाख लिटर. त्या वर्षी कोठे कोठे पाण्याचे फवारे उडाले असतील, त्याचा हिशेब ज्याने त्याने आपल्या मनाशी करावा.

पंचमीच्या दुसऱ्याच दिवशी नाथषष्ठी येते, हा काही योगायोग नव्हे असे आम्हांस वाटते. नाथमहाराजांचे चरित्र सर्वांना ठाऊक आहे. काशीहून गंगेची कावड खांद्यावर, रामेश्वराला अभिषेक करायचा संकल्प. वाटेत तापलेल्या वाळूत एक गाढव तहानेने तडफडत होते. नाथांनी कावड उतरली आणि ते गंगाजल गाढवाच्या तोंडात घातले. बरोबरचे लोक हळहळले, पण नाथांना त्या गाढवातच रामेश्वर भेटला. देवाच्या अभिषेकाचे पाणीसुद्धा जेथे तहानलेल्या प्राण्याला आधी द्यावे लागते, तेथे खेळातल्या पाण्याला कोणता अधिकार उरतो? पंचमीला ज्याने पाणी उधळले, त्याने षष्ठीला पैठणात ही कथा डोळे पुसत ऐकावी, यात अर्थ नाही. कोरडा रंग खेळावा. आणि जे पाणी उडविणार होतो ते दोन हंडे गेल्या पावसाळ्यात लावलेल्या रोपांना आणि दारातल्या पाखरांच्या परळात घालावे. तोच रामेश्वराचा अभिषेक.

कोणी विचारील, “आमच्याच सणावर बंधने का?” बंधन घालायला आम्ही कोण? आम्ही सण बंद करा म्हणत नाही. सण त्याच्या मुळाशी न्या म्हणतो. मूळ वाचले तर तेथे सुके लाकूड आहे, शेणी आहेत, गवताचा विस्तव आहे, रानची फुले आहेत. जे पुढे चिकटले ते काढून टाकले, म्हणजे सण लहान होत नाही, स्वच्छ होतो. मूर्तीवरची मेणाची पुटे काढली तर देव कमी होत नाही, त्याचे मुख स्पष्ट दिसते.

तात्पर्य इतकेच. ज्यावर आपला अधिकार नाही ते अर्पू नये. होळीत घालायला आपल्याजवळ स्वतःचे असे पुष्कळ आहे. अंगणातला पाचोळा आहे, गोठ्यातल्या गोवऱ्या आहेत. त्याहून आतले पाहिले तर क्रोध आहे, मत्सर आहे, आळीआळीचे वैर आहे. तो वाळलेला माल आपणच वर्षभर साठविला, त्यावर आपला पूर्ण अधिकार आहे. तो घालून “न मम” म्हटले तर ते खरे ठरेल. प्रत्येक दिंडीने या फाल्गुनात एवढा नियम धरावा: गावात होळी एक, लाकूड वाळलेले, रंग कोरडा. आणि आषाढात, जमीन भिजल्यावर, आपल्या वाटेच्या एका विसाव्याजवळ एक झाड लावून तीन उन्हाळे त्याला पाणी घालण्याची जबाबदारी कोणा एकाच्या नावे द्यावी. लावणारे पुष्कळ असतात, पाणी घालणारा लागतो. एखादी माउली तुळस डोक्यावर घेऊन त्या सावलीत टेकेल, तेव्हा तिच्या मुखातून जे ‘विठ्ठल’ निघेल, त्यात तुमच्या होळीचे फळ असेल.

रामकृष्णहरि!